पेव

हरिपुरात आमच्या जमिनीच्या पोटात पेवं होती.
तोंड एवढंसं, माणूस जेमतेम जाईल,
आत वीस हात खोल अंधार.
तळाला पाचट, कडेनं पाचट, मधे हळद.
वरून माती लिंपली की
चार-चार वर्षं कीड नाही, वारा नाही, उजेड नाही.
भाव येईपर्यंत कुणी आठवणसुद्धा काढायचं नाही.

वडील पेवात उतरायचे.
पण उघडल्या उघडल्या नाही.
आधी तोंड तसंच मोकळं ठेवायचं,
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
विझला, तर आत वायू आहे.
माणूस जायचा नाही.
सांगायचे, घाईनं उतरलेले दोघंजण
मी वर काढलेत. ओठ निळे.

इतकी साधी रीत.
गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असलेली.

मी आठवीत होते. भूगोलाच्या वहीत
रेखांशाचं गणित चाललं होतं,
इथं दुपारचे बारा, तर तिथं किती वाजले?
ते अर्धंच राहिलं.
स्थळ बेडगचं. एकरभर द्राक्षबाग,
हुंडा नको म्हणतायत, अजून काय पाहिजे?
पत्रिका छापली नाही. फोटोवाला बोलावला नाही.
पहाटेचा मुहूर्त, गाव उठायच्या आत.
हळद मात्र घरची.
काकी म्हणाली, रंग बघा कसा चढलाय!
चढणारच. राजापुरी होती, पेवातली.

मला उतरवताना
कुणी कंदील सोडला नाही.

पुढचं मिरजेच्या सिव्हिलमधल्या कागदावर आहे.
वय एकोणीस (सासूनं सांगितलं,
लिहिणाऱ्यानं माझ्याकडं बघितलं, आणि लिहिलं).
वजन अडतीस. रक्त सहा.
बाळाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

शेजारच्या कॉटवर अथणीकडची एक होती.
तिची कानडी मला कळेना, माझं मराठी तिला.
तिनं बोटं वर केली, आधी दहा, मग चार.
मी दहा केली, मग पाच.
का कोण जाणे, दोघींना हसू फुटलं.
टाके ओढले गेले तसं थांबलो.

लोखंडे सिस्टर म्हणाल्या, इथंच नाही गं,
जगभर आहेत असल्या कॉटा.
नायजर म्हणाल्या, येमेन म्हणाल्या, बांगलादेश.
रात्री डोळे मिटून मी नकाशा आठवला.
तिथं आत्ता किती वाजले असतील?
कुठल्या ना कुठल्या रेघेवर
पहाट होतच असणार.
मुहूर्ताची.

सतरा वर्षं झाली. पुरात पेवं खचली.
मी मार्केट यार्डात हळद निवडते,
हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा.
हात कितीही घासले तरी पिवळे.
बसमध्ये बायका विचारतात,
कुणाचं लग्न गं घरात?

गेल्या माघात भानुदासच्या दारात
तीन मोटारसायकली दिसल्या.
आत समीक्षा, चहाचा ट्रे, माझ्या वहिनीची साडी,
निऱ्या पायात येत होत्या तिच्या.
भाऊ म्हणाला, काळ वाईट आहे, अक्का.
काळ.
माझ्या वेळीही तोच वाईट होता.

यार्डातल्या नळामागं उभी राहून
मी पिवळ्या बोटांनी आकडे दाबले,
एक, शून्य, नऊ, आठ.
पलीकडून विचारलं, मुलीचं वय?
चौदा, म्हटलं.
तो आकडा मोठ्यानं बोलायला
मला सतरा वर्षं लागली.

लग्न थांबलं. भावानं बोलणं टाकलं.
दिवाळीला दार उघडलं नाही.
समीक्षाही रागावली, ठरलेला मोबाईल गेला,
वर्गात पोरी कुजबुजल्या,
तिचं खरंच होतं, तिला कुणी विचारलं होतं?
मीही नव्हतं विचारलं.

परवा तिन्हीसांजेला आली.
उंबऱ्यावरच उभी. आत येईना.
वही छातीशी धरून, माझ्याकडं न बघता म्हणाली,
आत्या, रेखांशाचं गणित येतं का तुला?

येतं, म्हटलं.
अर्धं.